उन्हाले काऊन मधात आणतं?

श्रोतेहो, नमस्कार. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वात तापाचे नऊ दिवस, सुरू आहे, पारा 45 च्या पुढे गेलाय. कूलरपुढे बसूनच ऐका.

बायबलमधल्या मत्तयच्या 18व्या अध्यायातला दाखला आपल्या मंडळींना पाठ आहे. राजानं चाकराला दहा हजार तालांत माफ केले. एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार, आणि दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी माफ! आणि हाच गडी बाहेर येऊन शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. सहा कोटी माफ, अन् शंभरासाठी गळा. बाकी अर्थ रविवारी पाळकसाहेब सांगतीलच.

मला सांगायचंय ते नागपूरच्या सदर भागातल्या एका निवृत्त सिस्टरबाईंचं. घराच्या पुढच्या खोलीत किराणा, गल्ल्यापाशी उधारीची लाल वही. गल्लीतल्या एका पेंटरचं काम सुटलं, खातं फुगलं आणि तो दुकान टाळू लागला. दुकानाच्या अंगाला कडुनिंबाची सावली, समोर नुसती तापलेली भिंत. हा भर दुपारी डोक्याला दुपट्टा गुंडाळून, मान खाली घालून त्या भिंतीकडून जायचा.

एके दिवशी दुकानातलं गिऱ्हाईक जाईपर्यंत बाई थांबल्या, मग हाक मारली. "काऊन रे, तिकडून काऊन जाऊन राह्यला?"

"काही नाही सिस्टर, असंच."

"उधारी तुझ्या-माझ्यात आहे. उन्हाले काऊन मधात आणतं? इकडून जात जा, सावलीतून."

आणि माठातलं पाणी दिलं. वहीला हात लावला नाही.

माठ म्हणतोय मी, बरं का! हल्ली पाणपोईवर स्टीलची टाकी आणि तिच्यावर दात्याचा हात जोडलेला हा एवढा फोटो. वाळा घातलेल्या माठाची चव त्या पाण्याला नाही. असो.

तर बाईंनी आधी त्याची लाज राखली. पैशाचं नंतर, आधी लाज. कामवालीचे खाडे असोत की भाडेकरूचा थकलेला किराया, चार माणसांसमोर हिशेब काढायचा नाही.

पेंटरनं पुढे थोडेथोडे करत बरेच फेडले. दुकानाचं शटरही रंगवलं. त्याची मजुरी मात्र बाईंनी रोख मोजली, उधारीत वळती केली नाही. सुनेला हे अजून पटलेलं नाही. "निदान तेवढी तरी कापायची होती," म्हणते. तिचंही चूक म्हणवत नाही; वही आता तिच्याकडे आहे.