विद्यार्थी चळवळीचा अभ्यासक मंत्री होतो तेव्हा

हुकूमशहा जनरल फ्रँकोच्या स्पेनमध्ये संप करणं म्हणजे तुरुंगाची तयारी ठेवणं. तरीही कारखाने बंद पडायचे, विद्यापीठांत सभा भरायच्या. एवढा धोका ही माणसं कशाच्या बळावर पत्करत होती?

खोसे मारिया मारावाल यांनी हाच प्रश्न अभ्यासाला घेतला. जन्म माद्रिदचा, १९४२ सालचा. वडील नावाजलेले इतिहासकार. ऑक्सफर्डची समाजशास्त्रातली डॉक्टरेट, मग इंग्लंडातच वॉरिक विद्यापीठात अध्यापन. फ्रँकोकाळातले कामगार आणि विद्यार्थी यांच्यावरचं त्यांचं पुस्तक १९७८ मध्ये आलं. बंडाची ठिणगी आकाशातून पडत नाही, असं ते दाखवून देतात. ती डाव्या विचारांच्या घरांत आणि भूमिगत पक्षांच्या जाळ्यात वर्षानुवर्षं जपली जाते.

२८ ऑक्टोबर १९८२. फ्रँकोनंतरच्या लोकशाही स्पेनमधली निवडणूक. समाजवादी पक्ष ३५० पैकी २०२ जागा जिंकतो. फेलिपे गोन्सालेस पंतप्रधान होतात आणि चाळिशीतले मारावाल शिक्षणमंत्री.

पुढच्याच वर्षी विद्यापीठांना स्वायत्तता देणारा कायदा येतो. खरी झुंज मात्र शाळांवरून जुंपते. स्पेनमधल्या कितीतरी खासगी शाळा चर्चच्या, आणि चालायच्या सरकारी पैशावर. मारावाल म्हणतात: पैसा जनतेचा, तर प्रवेशाचे नियमही सर्वांना सारखे, आणि कारभारात शिक्षक, पालक, विद्यार्थी यांचं मंडळ हवं. कॅथलिक पालक संघटना माद्रिदमध्ये प्रचंड मोर्चा काढतात. विरोधक घटनात्मक न्यायालयात जातात. अखेर जुलै १९८५ मध्ये कायदा होतो. माझ्या मते मारावाल यांच्या कारकिर्दीतलं हे सर्वांत टिकाऊ काम.

आणि मग १९८६-८७ चा हिवाळा. या वेळी रस्त्यावर विद्यार्थीच आहेत. विद्यापीठाची प्रवेश परीक्षा रद्द करा, फीवाढ नको, शिष्यवृत्त्या वाढवा. माद्रिदमध्ये दगडफेक, लाठीमार. एक पाय नसलेला तरुण हातातल्या कुबडीनं रस्त्यावरच्या वस्तू फोडतो आहे, हे दृश्य देशभर टीव्हीवर दिसतं. तो विद्यार्थी नव्हताच, पण आंदोलनाचा चेहरा तोच ठरला. पोलिसांच्या गोळीनं एक शाळकरी मुलगी जखमी होते.

विद्यार्थ्यांच्या बंडाचा एवढा जाणकार मंत्रालयात असूनही प्रकरण इथवर गेलं, याची खंत वाटते. फेब्रुवारीत तडजोड झाली. फी आणि शिष्यवृत्त्यांबाबत सरकारला मागे यावं लागलं. प्रवेश परीक्षा मात्र राहिली.

जुलै १९८८ मध्ये मारावाल यांनी मंत्रालय सोडलं. सक्तीचं शिक्षण सोळाव्या वर्षापर्यंत नेणारी सुधारणा त्यांच्याच काळात आखायला घेतली होती. तिचा कायदा १९९० मध्ये, हाविएर सोलाना मंत्री असताना झाला.

मारावाल पुन्हा विद्यापीठाकडे वळले. माद्रिदच्या खुआन मार्च संस्थेत त्यांनी संशोधकांची एक पिढी घडवली. नवा प्रश्न होता, राज्यकर्त्यांना जाब विचारतं कोण? संसदीय लोकशाह्यांमधल्या पंतप्रधानांच्या कारकिर्दी त्यांनी तपासल्या. त्यांतल्या बऱ्याच जणांची खुर्ची मतदारांनी काढून घेतलेली नव्हती. ती त्यांच्याच पक्षातल्या किंवा आघाडीतल्या सहकाऱ्यांनी काढून घेतली होती.