पाचाडच्या चुलीवरचा हिशेब

मंडळी, राज्याभिषेक दिनाला रायगडाखाली शिवकालीन जेवण द्यायचं म्हटलं की एक प्रश्न हमखास येतो. "भाकरी-पिठलंच तर आहे, मग पानाला 240 रुपये कसे?" आज त्याचंच उत्तर देतो.

आधी पान ठरवू. बटाटा, टोमॅटो, साबुदाणा यांना 1674च्या पंगतीत जागा नाही. शेंगदाण्याचा कूटही नाही, म्हणून चटणी कारळ्याची. तिखटाला मिरे-सुंठ, आंबटाला आमसूल. मटणाचा आग्रह नेहमीच होतो. पण राज्याभिषेकाला आलेल्या इंग्रज दूत हेन्री ऑक्झिंडेनच्या मंडळींची गोष्ट ऐका. त्यांना मटण पुरवणारा खाटीक मुद्दाम गड चढून त्यांना बघायला गेला होता. कित्येक वर्षांत खपलं नव्हतं तेवढं मटण या मूठभर पाहुण्यांनी संपवलं होतं! म्हणून माझ्या पानात नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, वरीचा भात आणि ताक.

गड संरक्षित स्मारक आहे, तिथे परवानगीशिवाय चूल पेटवायची नाही. आपला मांडव खाली पाचाडलाच.

आता भाकरी. 200 माणसं, माणशी अडीच, म्हणजे 500 भाकऱ्या. किलोभर पिठाच्या आठ-नऊ होतात, तेव्हा 60 किलो पीठ. पीठ कुठेही मिळतं, हात मिळत नाहीत. एका चुलीवर एक बाई तासाला अठ्ठावीस-तीस भाकऱ्या उतरवते, तेही वारा नसेल तर. वारा सुटला की जाळ तव्याखाली राहत नाही, एका अंगाला पळतो. भाकरी एकीकडे करपते, दुसरीकडे कच्ची राहते. म्हणून सहा चुली, सहा बाया, तीन तास, आणि प्रत्येक चुलीला दगडांचा आडोसा. या बायांच्या मजुरीत घासाघीस करू नका, हे मी तुम्हाला हात जोडून सांगतो. पंगत त्यांच्या तळहातावर उभी असते.

पहिल्या वर्षी आमची लाकडं आदल्या रात्रीच्या पावसात भिजली. धुरात बायांचे डोळे लाल झाले आणि बाराची पंगत चारला बसली. तेव्हापासून लाकूड आठ दिवस आधी आणून पत्र्याखाली रचतो.

सामान पानामागे 70 रुपयांत बसतं. बाया, आचारी, वाढपी, लाकूड, पाण्याचा टँकर, भांड्यांचं भाडं, टेम्पो मिळून 110. झाले 180. दहा टक्के जास्तीची पानं धरायचीच, कारण गडावरून उतरलेला माणूस मोजून जेवत नाही, ते 18. पावसासाठी, म्हणजे ताडपत्री आणि जादा मजुरीसाठी, 20 राखीव. उरतात 22, तीच मंडळाची पुढच्या वर्षीची शिल्लक. निम्मी रक्कम महिनाभर आधी घ्या आणि बायांची मजुरी त्यातूनच, पंगत उठायच्या आत, त्यांच्या हातात द्या.