रान वापशावर आलं का?

(पहाट. जरंडेश्वराचा डोंगर अर्धा ढगात. पायथ्याची पाणंद, दोन्ही बाजूंना काळं रान. लांबून मोरांचा आवाज.)

रात्रभर पत्र्यावर पाऊस वाजत होता. चारच्या सुमाराला थांबला आणि साडेपाचला मोबाईल वाजायला लागला. "उघडलंय रे." "येतोयस ना?" "रविवार आहे, नंतर रडू नको."

साताऱ्यात माउंटन बाईक चालवणाऱ्यांचा जूनमधला रविवार हा असा उजाडतो. डोंगर धुऊन निघालाय, सायकल व्हरांड्यात उभी आहे. काढायची की नाही?

बहुतेक जण आभाळाकडे बघून ठरवतात. बरीच वर्षं मीही तेच करायचो. पुढे एका शेतकऱ्यानं मला मान खाली घालायला शिकवलं.

(बांधावर एक म्हातारे गृहस्थ. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात खुरपं.)

त्यांना आम्ही तात्या म्हणतो. पाणंदीला लागूनच त्यांचं रान. पहिल्या भेटीत मी विचारलं, "तात्या, वर जाता येईल का इथनं?"

"जा की. जाताना तू सायकलीवर बस, येताना ती तुझ्यावर बसंल."

हसलो आणि गेलो. जेमतेम अर्धा किलोमीटर.

काळ्या रानाच्या चिखलात सायकल घातली नसेल त्याला हे सांगून कळणार नाही. चाक एक फेरा मारतं आणि मातीचा एक थर उचलतं. पुढच्या फेऱ्यात त्या थरावर दुसरा. त्यात वाळकं गवत, काटक्या मिसळल्या की पक्का गारा तयार, खुशाल भिंत लिंपून घ्या. टायर बघता बघता दुप्पट होतो आणि पुढचं चाक फोर्कमध्ये अडकून उभं राहतं. मागे तोच गारा डिरेलरमध्ये, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेत, गेला होता. मी पेडलवर आणखी जोर दिला, शहाणपणा दुसरं काय. कट्‌ असा आवाज आला. हँगर मोडला, म्हणजे डिरेलर ज्याला टांगलेला असतो तो तुकडा.

बाभळीच्या काडीनं चिखल उकरत, सायकल खांद्यावर घेऊन परत आलो. तात्या तिथंच होते. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

(अगदी जवळून: ओली माती घेतलेला तळहात. मूठ आवळते.)

त्यांनी रानातली चिमूटभर नव्हे, चांगली मूठभर माती उचलली, आवळली, कंदी पेढ्याएवढा गोळा केला आणि कमरेच्या उंचीवरून सोडला. गोळा पडला, बुडाला जरा चपटा झाला आणि तसाच बसून राहिला.

"वापसा न्हाई अजून. आत्ता बैल घातलं तर रानाची वीट हुतीया. आन्‌ तू चाक घालाय निघालायस."

वापसा. आजोळी हजारदा ऐकलेला शब्द. पेरणी कधी, कुळवणी कधी, सगळं त्याच्यावर ठरतं. जमिनीतलं जादाचं पाणी खाली निचरून गेलंय, मातीच्या पोकळ्यांत हवा परत शिरलीय, ओल मात्र टिकून आहे, अशी ती अवस्था. तेव्हा गोळा खाली सोडला की त्याचा भुगा होतो. दाबलेली माती त्या वेळी पुन्हा मोकळी होते. त्याआधी दाबलीत तर घट्ट होऊन बसते, मग ती बैलाच्या खुरानं दाबा नाहीतर टायरनं.

आता पंचाईत अशी, की आपल्या जिल्ह्यात वापसा एका वेळी सगळीकडे येत नाही. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, माण तालुक्यात जेमतेम ५००च्या आसपास. जमिनीही तितक्याच वेगळ्या. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि ते सोडायला मागत नाही. एका मोठ्या पावसानंतर तिला दिवसच्या दिवस लागतात. मुरमाचा उतार उघडीप मिळाली तर काही तासांत निचरतो. जांभा तर सच्छिद्रच.

पावसाची तऱ्हाही बघावी लागते. मे महिन्यातला वळीव तासाभरात धो धो कोसळतो, त्यातलं बरंचसं पाणी वरच्यावर वाहून जातं. तेवढंच पाणी रात्रभराच्या रिपरिपीनं पडलं तर ते मुरतं. हवामान खात्याचा आकडा म्हणजे सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांचा पाऊस. तो आकडा तुम्हाला किती पडला ते सांगतो, कसा पडला ते नाही.

आणि दिशा. सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या उत्तरेच्या पायथ्याला वसलंय. पावसाळा सरला, सूर्य दक्षिणेला कलला, की गडाची शहराकडची बाजू सावलीत जाते. दिवाळीच्या सुमाराला मागच्या अंगाची वाट खडखडीत वाळलेली असते आणि पुढच्या अंगाला दगडावर शेवाळ. पाऊस एकच.

(जवळून: उतारावरची मातीची वाट. मधोमध टायरची खूण, तिच्यात साचलेलं पाणी हळूहळू खाली सरकतंय.)

"गुरं जातात, माणसं जातात, मग सायकलनंच काय घोडं मारलंय?" हा प्रश्न मला नेहमी विचारतात, आणि तो रास्त आहे. गुरंही वाट तुडवतात. पण खुराचा ठसा तुटक असतो. त्यात पाणी साचतं, तिथंच मुरतं. चाकाची खूण सलग असते, वरपासून खालपर्यंत. उतारावरच्या पाण्याला आपण आयती मोरी काढून देतो. पुढचा पाऊस तिच्यातून धावतो, माती घेऊन जातो, आणि बोटभर खूण पावसाळा संपेतो पोटरीएवढी ओघळ झालेली असते. त्यात मागचा ब्रेक करकचून दाबत, चाक घसरवत उतरणारे महाभाग असतात. त्यांचे व्हिडिओ छान येतात, एवढं कबूल.

डबकं लागलं तर त्याला वळसा घालू नये, सरळ मधून जावं. प्रत्येकजण कडेनं गेला की वाट रुंदावत जाते. पाणंदीवर तर ती कड म्हणजे कुणाचा तरी बांध असतो.

(यवतेश्वराचा घाट. धुकं. कासकडे जाणारा रस्ता.)

कासच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, वापशाचा प्रश्नच नाही, कारण तिथं चाक डांबराखाली उतरवायचंच नाही. जांभ्याच्या कातळावर मातीचा पातळसा थर, आणि त्यावर गेंद, तेरडा, सीतेची आसवं. यातली बरीचशी झाडं एका पावसाळ्यापुरती. यंदाचं बी पडलं तर पुढच्या वर्षीचं फूल. पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ साली कासचा समावेश झाला तो याच्यासाठी. माती सुकली तरी तिथं नाही.

आणि संततधार लागली असेल, हवामान खात्याचा इशारा असेल, तेव्हा डोंगराच्या कुशीतल्या कुठल्याच वाटेवर नाही. जुलै २०२१मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडींखाली घरं गेली. त्यावर जास्त बोलायची गरज नाही.

(पुन्हा जरंडेश्वराचा पायथा. रविवार, सकाळचे सात. चार सायकली, चार जण. एक जण खाली वाकलेला.)

तर हा आजचा रविवार. मी मूठभर माती उचलली. मागून टोमणा आला, "झालं, पेढे वळायला बसला." गोळा सोडला. तसाच राहिला.

थोडं पुढं मुरूम सुरू होतो. मुरमाचा गोळा होत नाही, तिथं मी टाच रोवून बघतो. टाच रुतली आणि खड्ड्यात पाणी वर आलं. म्हणजे तेही नाही.

थोडी चिडचिड झाली. आठवडाभर ऑफिसात बसून एक सकाळ मिळते, ती डांबरावर घालवायची म्हणजे जिवावर येतं. पण मागे फिरलो, बोगद्यापाशी चहा घेतला आणि यवतेश्वरचा घाट चढलो. वर धुक्यात दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं. भजी मात्र दिसली.

सोमवार, मंगळवार रिपरिप. बुधवारी दिवसभर वारं आणि ऊन.

(गुरुवार. सहा वाजलेत. तीच पाणंद, कोवळं ऊन.)

ऑफिसच्या आधी दीड तास काढला. एकटाच आलोय, बाकीच्यांना रविवारच हवा. पाणंदीत सायकल ढकलत आणली, कारण काळी माती अजून ओली आहे, गवताच्या कडेनं पायी. मुरमाला लागल्यावर टाच रोवली. ठसा उठला, कोरडा. कडेची थोडी माती मुठीत आवळून सोडली. भुगा.

तात्या बांधावर उकिडवे बसलेत. त्यांच्याही हातात माती आहे. तिफण घरून अजून निघालेली नाही.

"झाली का तुजी वाट?"

"झाली. तुमचं?"

त्यांनी गोळा सोडला. आम्ही दोघंही वाकून बघत राहिलो. गोळ्याला एक चीर गेली होती, फुटला नव्हता.

"आजचा दीस जाऊ दे," तात्या म्हणाले, आणि हात धोतराला पुसले. "तू जा. वरनं आभाळ कसलं दिसतंय, त्येवढं बघून यी."