रविवार सोडा, अष्टमी धरा

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेत रत्नागिरी येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

आज वद्य पंचमी आहे. भाट्ये खाडीत दुपारी पावणेचारच्या सुमारास पाणी पूर्ण भरले असेल, आणि आत्ता साडेसहाला सुकती जोरात लागून राजिवड्याच्या बाजूचा चिखल उघडा पडू लागला असेल. संयोजकांनी वेळ ठरवताना हा विचार केला होता की नाही ते मला ठाऊक नाही. परंतु एरवी संध्याकाळी खाडीकाठी भेटणारे पाच-सहा परिचित चेहरे आज समोरच्या रांगेत दिसत आहेत, याचे श्रेय मी माझ्या वक्तृत्वाला न देता ओहोटीला देतो.

विषय आहे ‘नोकरी, संसार आणि गळ’. सवड कशी काढावी याचे महिन्याचे वेळापत्रक मी आपल्यापुढे ठेवणार आहे, असे पत्रिकेत छापले आहे आणि ते मी ठेवणारही आहे. परंतु ते ज्या एका वाक्यातून निघाले, ते वाक्य मला कसे मिळाले हे आधी सांगितले नाही, तर वेळापत्रक नुसता कोष्टकाचा कागद ठरेल.

माझे बालपण शास्त्री नदीच्या काठी गेले. वडिलांबरोबर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जाणे हा आमच्या घरी शाळेइतकाच नियमित कार्यक्रम होता. पुढे बँकेत लागलो, बदल्या झाल्या, लग्न झाले, मुलगी झाली आणि गरी आणि तंगूस, म्हणजे गळाचा आकडा आणि त्याची दोरी, ठेवलेला पत्र्याचा डबा माळ्यावर गेला. रत्नागिरीला बदली झाल्यावर तो खाली काढला. त्या हिवाळ्यात मी ओळीने अकरा रविवार भाट्ये खाडीवर गेलो. आठवडाभर काउंटरवर बसलेला माणूस रविवारी उशिरा उठतो, बाजार करतो, पोह्यांची बशी संपवतो आणि साडेदहा-अकराला बाहेर पडतो. मीही तसाच पडत असे. अकरा रविवारांत मला चार शेंगट्या आणि एक बोय मिळाली. त्यांपैकी एका शेंगटीचा काटा तळहातात गेला आणि तो हात सोसवेल तितक्या कढत पाण्यात धरून मी ती संध्याकाळ काढली. मी आमिष बदलले, गरीचा आकार बदलला, शिसे हलके करून पाहिले. घरी मात्र निराळाच हिशेब मांडला जात होता. अकरा रविवार मुलीने वडिलांना दुपारच्या जेवणाला पाहिले नव्हते. पत्नी शिक्षिका आहे, तिचाही सुट्टीचा वार तोच. ती रागावली नाही, तिने फक्त विचारले, “मासे मिळत नाहीत आणि तुम्हीही मिळत नाही, मग हे नेमके कोणासाठी चालले आहे?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. ते मिळाले राजिवड्याच्या एका वृद्ध चाचांकडून. ते काठावर जाळे विणत बसलेले असत आणि अकराही रविवार त्यांनी मला पाहिले होते. बाराव्या रविवारी मी डबा उघडला, तेव्हा ते सुई न थांबवता म्हणाले, “साहेब, रविवार तुमच्या बँकेचा. दर्याला वार नसतो, त्याला चांद असतो.” मग त्यांनी बोटांवर मोजून दाखवले: चांदाच्या तारखेत एक मिळवायचा, कधी दोन, आणि जो आकडा येईल त्याची पाऊणपट करायची. आला तो आकडा भरतीचा.

हे ऐकून मी क्षणभर स्तब्ध झालो, कारण हा हिशेब माझ्या वडिलांचा होता. ते तिथीची पाऊणपट करीत. चाचांचा महिना चंद्रदर्शनाने सुरू होतो, म्हणून त्यांची तारीख आपल्या तिथीच्या एक-दोन दिवस मागे चालते आणि मिळवणी करावी लागते. बाकी गणित तेच. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सकाळी सहाला आणि पुन्हा संध्याकाळी साडेसहाच्या आत-बाहेर. पौर्णिमेची सव्वाअकरा. पक्ष बदलला की मोजणी पुन्हा एकपासून. यामागचे कारण फार सुंदर आहे. चंद्र आणि सूर्य यांच्यातले अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी होते, आणि पृथ्वीला बारा अंश फिरायला 48 मिनिटे लागतात. म्हणून भरती रोज साधारण तेवढीच पुढे सरकते. कोळ्यांनी आणि खारव्यांनी त्या 48 मिनिटांचा पाऊण तास केला, कारण तो बोटांवर मोजता येतो. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, खाडीत आत जावे तशी भरती उशिरा पोचते, हे खरे. पण खिशात काही नसताना हे गणित आजही उपयोगी पडते.

आता माझ्या अकरा रविवारांकडे पुन्हा पाहा. एका रविवारी अष्टमी असेल, तर पुढच्या रविवारी पौर्णिमा किंवा तिच्या आसपासची तिथी येते. म्हणजे एका रविवारी मी अकराला पोचत होतो तेव्हा भरती होऊन पाच तास झालेले असत आणि पायाखाली चिखल असे. दुसऱ्या रविवारी भरती असे, पण ती उधाणाची, ओढ इतकी की हलके शिसे तळाला टिकत नसे, आणि डोक्यावर ऊन.

त्यानंतरच्या शुद्ध अष्टमीला, बुधवारी, मी पहाटे पाचला बाहेर पडलो. चाचांच्या नातवाने पाग, म्हणजे हाताने फेकायचे जाळे, मारून मूठभर जिवंत कोळंबी दिली. गरी डोक्यातला काळा ठिपका चुकवून टोचायची, म्हणजे कोळंबी पाण्यात जिवंत राहते आणि पाय हलवीत राहते. तांबडे फुटत होते. पाणी जवळजवळ थांबले होते आणि तंगूस तर्जनीवरून सैल सोडलेली होती. आधी एक बारीक टिचकी जाणवली, जणू आतून कोणी नखाने वाजवले. मी हललो नाही. मग तंगूस बोटावरून सरसर सरकू लागली आणि एकदम कातरल्यासारखी ताठ झाली. तांबोशी निघाली, दीड किलोच्या आसपासची, तांबूस तपकिरी, ओल्या कल्ल्यांवर पहाटेचा उजेड. पावणेआठला मी घरी होतो. मुलगी दात घासत होती. तिने ब्रश तोंडात तसाच ठेवून माशाच्या डोळ्याला बोट लावून पाहिले. दहाला मी काउंटरवर बसलो. त्या दिवशी घरातल्या कोणाचाही एक मिनिट मी घेतला नव्हता.

अध्यक्षांकडून चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटे उरली आहेत. तेव्हा वेळापत्रक आता भरभर सांगतो.

सप्तमी ते दशमी या चार तिथी धरा. पाऊणपट केली की सव्वापाच, सहा, पावणेसात आणि साडेसात. दोन्ही पक्ष मिळून महिन्यात असे आठ दिवस येतात आणि प्रत्येक दिवशी कचेरीच्या आधी एक आणि नंतर एक अशी भरती असते. भरतीपूर्वीचा एक तास आणि नंतरचा अर्धा, एवढा दीड तास पुरतो. आक्षेप मला ठाऊक आहे: हे भांगाचे, म्हणजे उधाणाच्या उलट लहान भरतीचे, दिवस, पाण्याला ओढ कमी, मासा कमी फिरतो. खरे आहे. ओढीवर चालणाऱ्या डोलीसारख्या जाळ्यांना भांग मंदीचाच जातो. परंतु आपल्या एका गरीला तेच मंद पाणी सोयीचे असते, आणि पहाट व तिन्हीसांज या माशाच्या खाण्याच्या वेळा आपल्या किनाऱ्यावर नेमक्या याच तिथींच्या भरतीशी जुळतात.

आठांपैकी तीनच दिवस घ्या. महिना लागताच घरातल्या दिनदर्शिकेवर खुणा करा आणि त्यांतली कोणतीही खूण खोडण्याचा अधिकार घरच्यांना द्या. भरती महिनाभर आधी कळते, म्हणून हा शब्द देता येतो आणि पाळता येतो. संध्याकाळच्या भरतीला मुलांना बरोबर न्या. तयारी आदल्या रात्री संपवा: गरी बांधलेली, तंगूस गुंडाळलेली, कोळंबी बर्फात. दशमीचा मासा त्याच दिवशी खाऊन संपवा, दुसऱ्या दिवशी एकादशी आहे. मार्चअखेर आमच्या खात्यात कोणतीही तिथी उपयोगाची नाही, ती सोडून द्या. जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, म्हणून आपल्याला रान मोकळे आहे असे समजून पावसाळी उधाणाला कातळावर उभे राहू नका. तेव्हा खाडीच्या आतच बसा. आणि रविवार पूर्णपणे घराला द्या. माझ्या घरी तो गेली नऊ वर्षे घराचा आहे.

घंटा झाली. परवा वद्य सप्तमी, भरती सव्वापाचला. ज्यांना यायचे असेल त्यांनी सव्वाचारला राजिवड्याच्या बाजूला यावे. अंधार असेल, विजेरी आणावी. कोळंबी मी आणतो.