साठीनंतरचं विमान

मंडळी, निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय, ‘उतारवयात विमान उतरवायला शिकताना’. त्यावर बोलणारच आहे. पण आधी मनात साठलेलं बोलू द्या.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी एका फ्लाइंग क्लबात चौकशीला गेले. काउंटरवरच्या मुलानं अदबीनं विचारलं, “ॲडमिशन नातवाची का, काकू?” म्हटलं, माझीच. त्यानं फॉर्म दिला. त्यात ‘करिअरचं उद्दिष्ट’ असा रकाना. मी लिहिलं, ‘विमान चालवणं’. आतले साहेब म्हणाले, “अहो, पण एअरलाइनमध्ये कोण घेणार तुम्हाला?” नका घेऊ! मी नोकरी मागायला आलेच नव्हते. गाणं शिकायला जाणाऱ्या बाईला कुणी विचारतं का, सवाई गंधर्वला कधी गाणार म्हणून?

(हशा)

हसताय, पण मला हे मनापासून लागलेलं आहे. खासगी वैमानिकाच्या परवान्याला किमान वय 17 आहे, कमाल वयाची अट नाही. उड्डाणाचे किमान 40 तास, लेखी परीक्षा आणि वैद्यकीय तपासणी. व्यावसायिक परवान्याला 200 तास लागतात, तो रस्ताच वेगळा. कायद्यानं दार उघडं ठेवलंय, अडवतो तो काउंटर. आणि हे पुण्यात! सासवड रस्त्यानं जाताना ग्लायडिंग सेंटरचा स्टॉप आपण सगळ्यांनी पाहिलाय. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान, जमिनीवरच्या विंचची, म्हणजे तार गुंडाळणाऱ्या यंत्राची, तार त्याला ओढून वर चढवते. किती जणांनी आत डोकावलं?

जे. आर. डी. टाटांना परवाना मिळाला 1929 साली. 1932 मध्ये त्यांनी कराचीहून मुंबईला टपाल आणलं. पन्नास वर्षांनी, 1982 मध्ये, त्याच वाटेनं ते लेपर्ड मॉथ या जुन्या छोट्या विमानातून पुन्हा एकट्यानं उडाले. वय 78. करिअरचा रकाना त्यांनी काय भरला असता?

मला सगळ्यात आवडतं ते उड्डाणाआधीचं काम. सेस्नाच्या, म्हणजे आमच्या शिकायच्या छोट्या विमानाच्या, पंखाखाली वाकायचं, छोटा पारदर्शक पेला झडपेला लावून थोडं इंधन काढायचं आणि उजेडात धरायचं. विमानाचं पेट्रोल निळसर असतं. पाणी जड, ते तळाशी बसतं. रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्यानं दव धरतं, पावसाळ्यात झाकणातून झिरपतं. तळाशी थेंब दिसला तर पुन्हा काढायचं, स्वच्छ येईपर्यंत. माझ्या बॅचची पोरं हे भराभर उरकायची. मला तिथून हलावंसंच वाटायचं नाही.

अध्यक्षबाई घड्याळ दाखवतायत. पाच मिनिटं? बरं.

तर मुद्दा. लोक म्हणतात, या वयात हात पटकन चालत नाहीत. पण छोट्या विमानात झटपट हातापेक्षा आधी केलेला निर्णय जास्त उपयोगी पडतो. उतरताना वेग साधारण 60 ते 65 नॉट, म्हणजे तासाला 110 ते 120 किलोमीटर. तो खूप घटला की ते सावरायला नाक वर वर जातं. पंख वाऱ्याशी साधारण 15 अंशांच्या पुढे गेला की हवा पंखाला धरून राहत नाही, विमानाला वर धरणारी उचल कोसळते. म्हणून वेग आणि उंची जुळली नाही, तर पूर्ण पॉवर देऊन परत वर जायचं आणि दुसरी फेरी मारायची. हे जमिनीवर असतानाच ठरलेलं हवं. तरुणांना ‘जमवतोच’ असं वाटतं. आपल्याला फेरी मारायची लाज वाटत नाही.

दुसरं, नजर. धावपट्टीजवळ आल्यावर चाकाखाली बघायचं नाही, पट्टीच्या पार टोकाकडे बघायचं. तरच जमीन किती जवळ आली ते कळतं. मग पॉवर काढून नाक हळूहळू उचलत राहायचं, विमानाला टेकायची घाई करू द्यायची नाही.

मे महिन्यातल्या दुपारी हवा विरळ होते, धावपट्टी जास्त लागते, तेही सांगायचं होतं. राहिलं. ज्यांना खरंच शिकायचंय त्यांनी फी भरण्याआधी डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, मान्यताप्राप्त डॉक्टरकडून क्लास टू मेडिकल, म्हणजे खासगी परवान्याची वैद्यकीय तपासणी, करून घ्या. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर त्या लपवू नका, आधी सांगा. बाकीचे प्रश्न चहाच्या वेळी विचारा, मी थांबणार आहे.