भवानीआईची झोप

नमस्कार मंडळी! नवरात्र आलं की मुलं हमखास विचारतात, देवी जर आई आहे तर तिच्या हातात एवढी शस्त्रं कशाला आणि पायाखाली तो राक्षस का? आपण काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. मी म्हणते सरळ तुळजापूरचं सांगा ना.

भवानीची मूर्ती आठवा. काळा पाषाण, आठ हात, उजवा पाय महिषासुरावर, एका हातात त्याची शेंडी धरलेली आणि त्रिशूळ खुपसलेला. बघणाऱ्याला धडकीच भरावी. पण त्याच मूर्तीत बाजूला तप करणारी एक बाई पण आहे बघा, ती अनुभूती, कर्दम ऋषींची बायको, नवरा गेलेला, मूल लहान आणि त्यात कुकुर नावाचा दैत्य छळायला लागला तेव्हा हिने हाक मारली आणि देवी धावत आली, अशी तिथली कथा. दैत्याला जिची भीती वाटली तिचाच अनुभूतीला आधार वाटला. देवी दोन नाहीत हो, समोर कोण उभं आहे त्यावर सगळं आहे.

आणि मला सगळ्यात जास्त भावते ती तिची निद्रा. तुळजापूरची मूर्ती चल आहे, म्हणजे सिंहासनावरून हलवता येते. भाद्रपद वद्य अष्टमीला तिला उचलून पलंगावर झोपवतात, ती घोर निद्रा, युद्धाआधीची. घटस्थापनेला ती परत सिंहासनावर. दसऱ्याला पहाटे साड्या गुंडाळून पालखीतून सीमोल्लंघन, 'आई राजा उदो उदो'चा गजर, कुंकवाची उधळण, आणि मग पुन्हा पलंग, या झोपेला श्रमनिद्रा म्हणतात. लढून दमली म्हणून! जिने महिषासुर मारला तिला माणसं गादीवर निजवतात, उशी देतात, हे मला फार फार मोठं वाटतं. आपण तिच्याकडे नुसतं मागत नाही, तिची काळजी पण घेतो.

आपल्याकडे दसरा झाला की हॉल रिकामा करायची घाई, सगळं संपलंच जणू. पण श्रमनिद्रा कोजागरीपर्यंत चालते, पौर्णिमेला देवी परत सिंहासनावर बसते. तेव्हा यंदा मसाला दूध प्यायला जमू तेव्हा आधी आरती करू, आणि मुलांना सांगू, आज आई उठली.