काचेतलं ऊन आणि सरड्याचा रंग

मंडळी, उकडतंय मला पण कळतंय, तो पंखा मागे आजोबांकडेच राहू दे.

विषय जाहीर केलाय झाडावरच्या सरड्यांचे रंग. पण आधी एक सांगून टाकतो, आपला घोयरा, म्हणजे भारतातला शॅमेलिऑन, पकडून घरी आणायचा नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो संरक्षित आहे. पोफळीच्या बागेत या झाडावरून त्या झाडावर तरंगत जातो तो उडता सरडा, त्यालाही तिथेच राहू दे, तो मुख्यतः मुंग्या खातो, रोज पुरवणार कोण? मी बोलतोय ते हिरवा इग्वाना, शॅमेलिऑन अशा परदेशी जातींबद्दल, आणि ज्यांच्याकडे ते आहेत त्यांनी २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची.

तर आमची पोपटी. हिरवी इग्वाना, आणली तेव्हा हातभर पण नव्हती, हिरवीगार, शेजारच्या काकू म्हणाल्या घोरपडीचं पिल्लू कशाला आणलंस. दुकानदाराने काचेची पेटी दिली, एक लाल बल्ब दिला आणि म्हणाला खिडकीशी ठेवा, बाकी काही लागत नाही. मी ठेवली पूर्वेच्या खिडकीशी, सकाळचं छान ऊन यायचं, पोपटी त्यात पाय पसरून पडायची, मला वाटायचं किती सुखात आहे. पावसाळा संपेपर्यंत ती चिखलाच्या रंगाची झाली. मी म्हटलं पाऊस आहे, ऊन कमी आहे, होईल नीट. मग एकदा भरवताना तिचा खालचा जबडा बोटाला रबरासारखा मऊ लागला, आणि मागचे पाय थरथरायला लागले. डॉक्टरांनी विचारलं, ऊन कुठून येतं? मी म्हटलं खिडकीतून. ते म्हणाले काचेतून ना? तिथेच मला कळलं. साध्या काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण उन्हातले यूव्हीबी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण, जवळजवळ सगळे अडतात, आणि ते नसले तर अंगात डी३ जीवनसत्त्व तयार होत नाही, ते नसलं तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, मग शरीर स्वतःच्या हाडांतून ओढून घेतं. आणि मी इतके महिने तिला ऊन दाखवत होतो! कॅल्शियमचं औषध सुरू झालं, रोज सकाळी जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्यावर सावली ठेवून, खळ्यात ठेवायचो. पालक बंद केला, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून ठेवतं, आणि शेवग्याचा पाला, जास्वंदीची फुलं सुरू केली. जबडा सुधारला, हिरवा रंग परत आला, पण पुढचा एक पाय वाकडा तो वाकडाच राहिला. आजही ती चढताना मला तो दिसतो.

पाच मिनिटं राहिली म्हणतायत. बरं, रंगाचं पटकन सांगतो, खरं तर तेच सांगायला आलो होतो.

२०१५ साली जिनिव्हाच्या संशोधकांनी पँथर शॅमेलिऑनवर दाखवलं की त्याच्या कातडीत ग्वानिन नावाच्या पदार्थाचे बारीक स्फटिक असतात, शांत असताना ते जवळजवळ असतात म्हणून निळा प्रकाश परततो, वर पिवळं रंगद्रव्य, म्हणून तो हिरवा दिसतो. तो चवताळला की स्फटिकांतलं अंतर वाढतं आणि पिवळा, केशरी, लाल येतो. म्हणजे भडक दिसला म्हणून खूश आहे असं नाही, म्हणून आरसा दाखवून, दुसरा नर समोर ठेवून रंग काढणं बंद करा. इग्वाना सकाळी ऊब घ्यायला काळपट होते ते ठीक, वयाने हिरवा फिकटतो तेही ठीक, पण गरम होऊनसुद्धा दुपारी मातकट राहिली तर डॉक्टरकडे.

घरात यूव्हीबी किरण देणारी ट्यूब रोज १०-१२ तास लावा, आणि ती पेटत असली तरी आतला यूव्हीबी कमी होत जातो, ६ ते १२ महिन्यांत बदला. रात्री पूर्ण अंधार, लाल बल्ब पण नको. आपल्याकडे पावसाळ्यात दमट हवा भरपूर, कमी पडतो तो वारा, शॅमेलिऑनला बंद काचेत ठेवलात तर छाती भरते, जाळीच ठेवा. तो वाटीतलं पाणी सहसा ओळखत नाही, पानांवर थेंब पाडा.

आणि आता काजवे निघतील. अमेरिकेत एक काजवा खाऊन पाळलेले बियर्डेड ड्रॅगन जातीचे सरडे मेलेत. आपल्या काजव्यांवर प्रयोग नको. संध्याकाळी पिंजरा आत घ्या, दिव्याखालचे किडे गोळा करून घालू नका.

पोपटी बाहेर जांभळाखाली पिंजऱ्यात आहे, बघायला या, शेपटीला हात लावू नका.